मेस्तांच्या मापाचा कान

कारापुरात महादेव मेस्तांचं घर विचारलं, तर लोक घराआधी कान सांगत. "तिठ्यावर उभे रवा. ज्येचे कान पयले दिसतले, तोच महादेव मेस्त." यात थट्टा होती, आणि बरंचसं खरंही होतं. मेस्तांचे कान डोक्याला चिकटून राहायला तयारच नव्हते. उघड्या खिडकीच्या दोन झडपांसारखे ते सदा बाहेर. उजव्या कानावर सुताराची चपटी तांबडी पेन्सिल. माडीवर चढा, वाशावर बसा, खाली वाकून तुळई रंधा, ती पेन्सिल कधी खाली आली नाही. कुणी हसलं तर मेस्त म्हणत, "पेन्सिल ठेवक जागा देवान दिली. तुमका नाय दिल्यान, तुमी खिशात हुडका."

त्यांचा मुलगा सगुण. कान तेच, अगदी मापाबरहुकूम, पण बापाचा स्वभाव मात्र त्याच्या वाट्याला आला नव्हता. साखळीच्या शाळेत पोरं त्याला 'सूप' म्हणत. गुरुजींना कुणाचातरी कान पिळायचा असला, की हाताशी येणारा कान सगुणचाच. वारा सुटला की कुणीतरी हटकून विचारी, "सगुण्या, उडशील मरे?" पोरं विसरली, मोठी झाली, खाणीवर ट्रक चालवायला लागली. सगुण विसरला नाही. माणसाला आपल्या अंगातली एखादी गोष्ट एकदा सलायला लागली, की आरशाशिवाय दुसरं काही दिसत नाही. तो कामाला हुशार होता, दरवाजाची चौकट अशी बसवी की सांध्यात कागद शिरायचा नाही. पण लोक चौकट बघतात, याच्यावर त्याचा विश्वास नव्हता. ते आपले कान बघतात, असंच तो धरून चालला.

लग्नाचं वय झालं. मुली दाखवल्या, काही ठिकाणांहून नकार आले. कानांमुळे नकार, असं कुणीच सांगितलं नव्हतं. नकाराची कारणं सांगतं कोण? पण एका घरी आतल्या दाराआड कुणीतरी फिसकन हसलं आणि सगुणने मनाशी ठरवून टाकलं. पणजीला एका दवाखान्यात कान मागे बसवून देतात, हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. कानामागची थोडी कातडी काढायची, आतलं मऊ हाड मागे दुमडायचं आणि टाके घालायचे. फार अवघड काही नाही.

त्याने बापाला सांगितलं, ते बाप कामात असताना. मेस्त फणसाची फळी रंधत होते.

"बाबा, मी कान मागे बसवन घेतंय."

रंधा थांबला. "कित्याक? ऐकाक येणा नाय?"

"ऐकाक येता. दिसतत कसे ते बघा."

"कसे दिसतत?" मेस्तांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. "माझेय तसलेच आसत."

"तुमका चलतत," सगुण म्हणाला. "माका चलनत नाय."

बोलून गेल्यावर त्यालाही ते टोचलं, पण शब्द मागे घ्यायला तो मेस्तांचाच मुलगा, तोंड उघडणार नाही. म्हाताऱ्याने उजव्या कानावरची पेन्सिल काढली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पुन्हा रंधा हातात घेतला. त्या दिवसापासून सगुण समोर असला की पेन्सिल खिशातच. तो बाहेर गेला की कानावर. हे त्याला आईने, पार्वतीबाईने सांगितलं. स्वतः त्याच्या ध्यानात आलं नसतं.

शस्त्रक्रिया चांगली झाली. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. पट्टी सुटली, टाके निघाले, आणि आरशात एक देखणा माणूस उभा होता. सगुण दिवसभर काही ना काही निमित्त काढून आरशासमोरून जाई. रात्री डोक्याला पट्टा बांधायचा, कानामागे काही घासू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पट्टा तो इमानाने बांधी. पण साखळीला एका घराच्या चौकटीचं काम अडलं होतं, तिथे तो गेला, माप घेतलं, खूण केली आणि पेन्सिल कानावर ठेवली.

वर्षानुवर्षांची सवय ती. हात आपणहून वर गेला. पेन्सिल घसरली, कारण आता कानामागे पूर्वीसारखी जागा नव्हती. सगुणने ती उचलली आणि दाबून बसवली. पुन्हा घसरली, पुन्हा दाबली. ते काम संपेपर्यंत हेच चाललं. उजव्या कानामागे जरा खाज येई, थोडं लाल दिसे, त्याने लक्ष दिलं नाही. डाव्या कानावर कुणीच पेन्सिल ठेवत नाही. तो कान आजही बघा, मागे एक बारीक रेघ तेवढी आहे.

गणेशचवथीला उजव्या कानामागची रेघ दोरीसारखी वर आली. दिवाळीपर्यंत तिथे जांभळाच्या बीएवढी गाठ झाली, तांबूस, चकचकीत आणि खाजरी. सगुणला वाटलं, चामखीळ. आणि चामखिळीवर सुताराच्या घरात औषध तयारच असतं. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावतात, त्याची बाटली कामाच्या जागेवर, माचावर असतेच. त्या तेलाने चामखीळ जळते, हे इकडे पोरासोरांना ठाऊक. सगुणने काडीने तेल लावलं. कातडी जळली, फोड आला, पाणी झालं, आठवडाभर मान वळवता येईना. जखम सुकली तेव्हा गाठ पहिल्यापेक्षा मोठी होती.

आणि नेमकं तेव्हाच लग्न जमलं. मांद्र्याची शालिनी. समुद्राजवळच्या एका अतिथीगृहात खोल्यांची सगळी व्यवस्था बघणारी, चार भाषांत पाहुण्यांना दटावणारी. तिने सगुणला समोरून बघितलं, त्याने केलेली एक खुर्ची बघितली, दोन्ही पसंत केलं. मुहूर्त वैशाखातला. सगुणने केस वाढवायला सुरुवात केली. उजव्या बाजूचे जरा जास्त. ती फोनवर हसून बोले आणि हा कानाशी फोन धरतानाही डावाच कान पुढे करी.

आता खरी भीती कसली, ते सांगतो. केसांनी कान झाकेल, पण कानपिळी कशी झाकणार? लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा उजवा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. सगळा मांडव त्या क्षणाची वाट बघत असतो. शालिनीचा धाकटा भाऊ अनंत, टॅक्सी चालवणारा, थट्टेखोर. तो भर मांडवात केस बाजूला सारणार, ती गाठ सगळ्यांना दिसणार, आणि मग विचारणार, हे काय? कान सुंदर करायला गेला आणि हे घेऊन आला! सूप बरं होतं. सगुणला दिवसाढवळ्या हे चित्र दिसे.

पार्वतीबाईंनी त्याला हाताला धरून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे कातडीच्या विभागात एक डॉक्टरीण होती, बोलायला साफ. तिने गाठ दाबून बघितली, आधी पेन्सिलीची गोष्ट ऐकली, मग तेलाची. तेलाच्या वेळी तिने डोळे मिटून घेतले.

"ही चामखीळ नव्हे," ती म्हणाली. "हा जखमेचा वण. जखम भरून आली, पण शरीराला थांबायचं कळलं नाही. काही वण जाड होतात, पण जखमेच्या जागेतच राहतात, आणि वेळ दिला की बरेचसे बसतात. हा तुमचा कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या जागेत गेलाय. याला केलॉइड म्हणतात. असा वण आपणहून सहसा जात नाही."

"मग कापून टाका," सगुण म्हणाला. "वैशाखात माझा लगीन आसा."

"नुसता कापला तर पुष्कळदा परत येतो, आणि आधीपेक्षा मोठा येतो. कापणं म्हणजे त्याला पुन्हा नवी जखम देणं. कधी कधी कापतो आम्ही, पण मग लगेच किरण द्यावे लागतात, नाहीतर इंजेक्शनं चालू ठेवावी लागतात. माझ्या मते तुम्ही तिथून सुरुवात करू नये."

तिने पुढचं सावकाश समजावलं. गाठीतच औषधाचं इंजेक्शन, दर महिन्याला. त्याने ती मऊ पडते, खाली बसते, खाज जाते. गरज पडली तर अतिथंड वायूने गोठवायची. वर सिलिकॉनची पातळ पट्टी लावून ठेवायची. आणि दाब. कानावर सतत बेताचा दाब राहिला, तर परत वाढायला अडवतो. कानाच्या पाळीसाठी चाप मिळतात, पण वर मागच्या बाजूला बसणारा तयार मिळत नाही, मापाने करून घ्यावा लागतो.

"वैशाखापर्यंत जायत?"

"जाईल असं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "लहान होईल. कदाचित बरीच. लग्नासाठी घाई केलीत, तर लग्नानंतरची वर्षं त्याच्याशी भांडत काढाल."

सगुणला तिचा राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसाच. पहिलं इंजेक्शन घेताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या घट्ट गाठीत औषध शिरताना जे होतं ते त्यालाच ठाऊक. दुसरं घेतलं, गाठ थोडी मऊ लागली, पण दिसायला तेवढीच. शिमगा जवळ आला आणि त्याचा धीर सुटला. म्हापशाला एकजण फारसं काही न विचारता कापून देतो, असं त्याला कळलं. त्याने आईला सांगितलं, सोमवारी जातो आणि मोकळा होतो. पार्वतीबाई बडबडल्या, रडल्या, शेवटी गप्प बसल्या. मेस्त पलीकडे पान जमवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रविवारी सकाळी सगुण करवत न्यायला माचावर गेला. मेस्त पाठमोरे बसले होते, खिळे सरळ करत. त्यांच्या उजव्या कानावर काहीतरी होतं. पेन्सिल नव्हती. सगुण दोन पावलं पुढे गेला. शिवणीच्या लाकडाचे दोन पातळ तुकडे, कानाच्या वळणाने कोरलेले, एक पुढून, एक मागून, आणि दोन्हींना जोडणारा पितळेचा बारीक स्क्रू. सुतार फळ्या चिकटवताना आवळून धरायला शिकंजा लावतात, तसाच, पण बोटभर. म्हाताऱ्याचा कान त्यात आवळलेला, लालबुंद.

"ह्या काय?"

मेस्त दचकले. हात कानाकडे गेला, मग त्यांनी तो खाली घेतला. चोरी पकडली गेल्यावर लपवण्यात काय अर्थ?

"तुझी आई सांगी होती, दाब व्हयो, आणि तसलो चाप गावणा नाय. म्हणान करून बघलंय. पयलो बिघाडलो. शिवण बरी, हलकी, टोचणा नाय. कितको आवळूचो ता कळाना. म्हणान स्वताक लावन बसतंय. काल जास्त आवळलंय, कान काळो पडलो. आज बरा आसा."

"काल? कधीपासून लावतास?"

"पंधरा दिस जाले. तू कामाक गेलंस की."

मेस्तांनी स्क्रू सैल केला, चाप काढला. कानाच्या कडेला दोन्ही बाजूंनी वळ उठले होते. ते चापाकडेच बघत बोलले, मुलाकडे नाही.

"तुझ्या कानाचा माप घेवचा म्हणजे तुका सांगूचा पडला असता. मगे म्हटलंय, माझो कान आसा मरे. तू तो मागे ओढून घेतलंस, पण माप बदलणा नाय, सगुण. माप माझाच आसा."

त्यात टोमणा नव्हता. सुताराने मापाबद्दल सांगावं तसं सांगितलं होतं, आणि म्हणूनच सगुणला ते सहन झालं नाही. तो तिथेच भुशात बसला आणि लहान मूल रडतं तसा रडला. बापाच्या कानांची आपल्याला लाज वाटली, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा सरळसरळ कळलं. तोवर तो त्याला 'दिसणं' म्हणत होता. मेस्त उठून त्याच्या पाठीवर हात ठेवतील असं कुणाला वाटेल, तर तो मेस्तांना ओळखत नाही. त्यांनी चाप त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "कडा अजून घासूक होयी. उठ, भुसो लागतलो."

सोमवारी सगुण म्हापशाला गेला नाही. पुढच्या इंजेक्शनाच्या वेळी तो चाप घेऊन इस्पितळात गेला. डॉक्टरणीने उलटसुलट करून बघितला, त्याच्या कानाला लावला, आणि हरकती काढल्याच. लाकडाला घाम लागतो, म्हणून मध्ये सिलिकॉनची पट्टी हवी. कातडी पांढरी पडली किंवा ठणका लागला तर लगेच सैल करायचा. सलग नाही, मधेमधे काढून कान मोकळा ठेवायचा. "कुणी केला?" तिने विचारलं. "बाबान," सगुण म्हणाला, आणि किती दिवसांनी तो शब्द त्याच्या तोंडात नीट बसला.

पुढचं काम सावकाश झालं. खाज गेली. गाठ बसत बसत चिंचोक्याएवढी राहिली, रंग उतरला. पण राहिली. लग्नाला थोडे दिवस असताना सगुणने शालिनीला केरीच्या किनाऱ्यावर भेटायला बोलावलं आणि कानावरचे केस स्वतःच बाजूला सारले.

"ह्या बघ. आदी कान मोठे होते. ते मागे बसवन घेतलंय, आणि ह्या जाला. जातला की नाय म्हायत नाय. परत वाढतलाय कदाचित."

शालिनीने वाकून नीट बघितलं, खोलीची चादर तपासावी तसं. "दुखता?"

"आता नाय."

"मगे केस कापून घेवा," ती म्हणाली. "तुमी एका बाजूक झुकलेले दिसतास. फोटोत वायट येतला." मग थोडं चालून गेल्यावर ती म्हणाली, "माका आदी सांगूक होया होता." एवढंच. तो म्हणाला, "हय." अनंताला डावा कान पिळायला सांगते, असं तिने कबूल केलं.

लग्न मांद्र्याला, मुलीच्या दारात. सगुणचे केस बारीक कापलेले, दोन्ही कान उघडे. मेस्त नवा सदरा घालून आले होते, पण नवऱ्याचा पाट डुगडुगतो हे त्यांना सहन झालं नाही. विधी सुरू व्हायच्या आधी त्यांनी कुणाकडून तरी पटाशी मागून घेतली आणि पाटाचा पाय सारखा करून दिला. विहिणीकडची माणसं हसली. मेस्तांना त्याचं काही वाटलं नाही.

कानपिळीची वेळ आली. अनंत पुढे झाला, सांगितल्याप्रमाणे डाव्या बाजूला गेला. भटजींनी मोठ्याने हटकलं, "उजवा! उजवा कान!" मांडव हसला. अनंत गोंधळून उजवीकडे आला, हात लावला, आणि ती गाठ अगदी जवळून दिसल्यावर त्याचा हात तिथेच थांबला. दुखेल का, धरू की नको, त्याला कळेना. "ओढ रे! भियेतंस कित्याक?" मागून ओरडा झाला. कुणीतरी पुढे वाकून विचारलं, "काय जाला ता कानाक?" जे चित्र सगुणला कितीतरी महिने दिसत होतं, ते आता समोर उभं होतं. शालिनीने मान वर केली, ती काहीतरी बोलणार, एवढ्यात गर्दी बाजूला सारून मेस्त आले आणि मुलाच्या शेजारी जमिनीवर बसले.

"अनंता," त्यांनी डोकं पुढे केलं. "तो कान अजून दुरुस्तीक आसा. तू हो धर. एकाच लाकडाचे दोनय. बरो जोरान पीळ, माझी सून सांभाळूची जबाबदारी माझीय आसा."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग अनंत मोठ्याने हसला, दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि त्याने मेस्तांचा तो मोठा, उघडा, जगाला कायम दिसणारा कान धरून असा पिळला की म्हातारा 'आयगे' म्हणाला. मांडवात टाळ्या पडल्या. भटजींनीही काही हरकत घेतली नाही.

त्या पिळण्यात कानावरून काहीतरी सुटलं आणि सगुणच्या पाटाजवळ पडलं. चपटी तांबडी पेन्सिल. पाटाच्या पायावर खूण करून झाल्यावर ती आपल्या जागी गेली होती, मुलासमोर, भर मांडवात, आणि मेस्तांना ते आठवतही नव्हतं. ते खिशाकडे हात नेऊ लागले.

सगुणने हार सावरत वाकून पेन्सिल उचलली. बापाचा लाल झालेला कान त्याने हलकेच पुढे ओढला आणि ती पेन्सिल त्याच्यामागे ठेवली. दाबावी लागली नाही.